मूत्रपिंडाचा विकार आणि पथ्य जाणणारा माणूस

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी पडला होता आणि आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नसे, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागत भगवान बुद्धांनी भदंत आनंदांना पाणी आणावयास सांगितले. स्वतः भगवंतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्या भिक्खूला धुतले आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजविले. हा प्रसंग आपल्या विहारांतून पुष्कळदा सांगितला जातो. त्याच्या पुढचा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्यात रुग्णाची शुश्रूषा करणारा माणूस कसा असावा याची पाच लक्षणे दिली आहेत. त्यांपैकी एक असे की, रुग्णाला काय मानवते आणि काय मानवत नाही हे त्याला कळले पाहिजे. न मानवणारे त्याने दूर ठेवावे आणि मानवणारे जवळ आणावे. चांगल्या रुग्णाचीही लक्षणे तेथे आहेत. जे मानवते त्याचेही प्रमाण त्याने ओळखावे आणि आपला आजार जसा असेल तसा शुश्रूषा करणाऱ्याला खरा सांगावा, ही त्यांतली दोन.

प्रस्तुत लेखाचा विषय मूत्रपिंडाचा, म्हणजे किडनीचा, दीर्घकाळ चालणारा विकार आणि त्या विकारात काय खावे हे नीट सांगू शकणारा माणूस आपल्या नांदेड-लातूरकडे कसा शोधावा, हा आहे. डॉक्टर कसा शोधावा हे आता वाडी-तांड्यावरच्या माणसालाही समजते. परंतु आहारतज्ज्ञ नावाचा वेगळा शिकलेला माणूस असतो, आणि त्यांतही मूत्रपिंडाच्या रुग्णांचे काम केलेला वेगळा, हे पुष्कळ सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. आपल्याला पथ्य म्हटले की ‘दूर ठेवणे’ तेवढे समजते. ‘जवळ आणणे’ हा त्यातला दुसरा अर्धा भाग आपण विसरतो, आणि मूत्रपिंडाच्या आजारात त्या विसरण्याची किंमत फार मोठी पडते.

प्रथम थोडे शरीराविषयी. पाठीच्या बाजूस, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी आपली दोन मूत्रपिंडे असतात. रक्तातील टाकाऊ द्रव्ये, जादा पाणी आणि जादा क्षार लघवीवाटे बाहेर टाकणे हे त्यांचे मुख्य काम होय. याशिवाय रक्तदाब सांभाळणे, हाडांना लागणारे ‘ड’ जीवनसत्त्व कामी आणणे आणि नवे रक्त तयार होण्यास चालना देणे, हीही कामे ती करतात. ती हळूहळू निकामी होऊ लागली तर माणसाला बराच काळ काहीच जाणवत नाही. रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा वाढलेला दिसेपर्यंत निम्मे काम बंद पडलेले असू शकते. म्हणून डॉक्टर त्या आकड्यावरून वय व लिंग धरून ई-जीएफआर नावाचा दुसरा आकडा काढतात. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर दीर्घकालीन विकार धरतात. १५ च्या खाली गेला तर ती पाचवी, म्हणजे शेवटची पायरी. लघवीतून प्रथिने जातात का, हीही तपासणी तितकीच महत्त्वाची आहे.

मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही या विकाराची दोन मोठी कारणे आहेत. प.पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेहाने किती जर्जर केले होते हे आपण सर्व जाणतो. आपल्याकडे आणखी एक कारण डोळ्यांसमोर असून दिसत नाही. उसाच्या फडात, बांधकामावर, विटभट्टीवर दिवसभर उन्हात राबणारा माणूस संध्याकाळी अंग दुखते म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी घेतो, आणि वर्षानुवर्षे घेतो. पोटात पाणी कमी आणि वरून ही गोळी, हे मूत्रपिंडाला फार वाईट.

आता आमच्या परिचयातील एका ज्येष्ठ उपासकांची हकिकत सांगतो. नाव सांगत नाही. नोकरीतून निवृत्त झालेले, मधुमेह पंधरा-सोळा वर्षांचा. क्रिएटिनिन वाढल्याचे कळले तेव्हा एका दवाखान्यात त्यांना छापील कागद मिळाला. डाळ बंद, अंडी बंद, मटण-मासळी बंद, दूध अर्धा कप, फळे बंद, पालेभाज्या बंद. त्यांच्या पत्नीने तो कागद स्वयंपाकघरातील भिंतीवर भाताच्या शिताने चिकटविला आणि अक्षरशः पाळला. दोन वर्षांनी दुसऱ्या गावी डायलिसिस सुरू झाले, आठवड्यातून दोनदा. यंत्राविषयी, हातातील फिस्टुलाविषयी, पैशांविषयी सर्वांनी सांगितले. भिंतीवरच्या कागदाविषयी कोणी विचारले नाही, आणि तो तसाच राहिला. पुढच्या सात-आठ महिन्यांत ते इतके खंगले की खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागला. वजनाच्या काट्यावर मात्र फारसा फरक नव्हता, कारण मांस झडत होते आणि त्याची जागा अंगात साचलेले पाणी घेत होते. घरात सर्वांची समजूत अशी की आजारच तसा आहे. शेवटी हैदराबादला एका मोठ्या रुग्णालयात दाखवावयास नेले असता तेथील आहारतज्ज्ञ बाईंनी हिंदीत पहिला प्रश्न केला, ‘‘काकाजी, काल सकाळपासून काय काय खाल्ले?’’ काकू सांगू लागल्या, भात, ज्वारीची अर्धी भाकरी, दुधी, साखरेचे पाणी. डाळ? ‘‘नाही ताई, दोन वर्षांत डाळ दिली नाही,’’ काकू अभिमानाने म्हणाल्या. त्या बाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत.

डायलिसिस सुरू झाले की प्रथिनांचा नियम उलटतो, हे त्या घराला कोणीच सांगितले नव्हते. हीच या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

प्रथिने पचल्यावर त्यातून युरिया वगैरे टाकाऊ द्रव्ये तयार होतात. मूत्रपिंड दुबळे झाले असता हा बोजा कमी करावा, म्हणून डायलिसिस नसलेल्या रुग्णाची प्रथिने मर्यादित ठेवतात. किती, याबद्दल तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत थोडा फरक आहे. अमेरिकेतील २०२० च्या सूचना मधुमेह नसलेल्यास दर किलो वजनामागे ०.५५ ते ०.६ ग्रॅम आणि मधुमेह असलेल्यास ०.६ ते ०.८ ग्रॅम सांगतात. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत ०.८ ग्रॅम धरले आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज साधारण ३३ ते ४८ ग्रॅम. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र यंत्र टाकाऊ द्रव्ये काढून घेते, आणि त्यांच्याबरोबर चांगल्या प्रथिनांचे घटकही वाहून जातात. मग दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे त्याच माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम, आणि ६०-७० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ६-७ ग्रॅम प्रथिने असतात, हे लक्षात घेतले म्हणजे आमच्या उपासकांच्या ताटात काय उरले होते ते कळेल. कोणताही छापील कागद हा त्या दिवसापुरता खरा असतो. रुग्ण एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर गेला की तो रद्द होतो, आणि मूत्रपिंडरोपण झाल्यावर पुन्हा एकदा रद्द होतो. तो रद्द झाला हे सांगणारा माणूस लागतो.

प्रथिनांइतकाच नाजूक विषय पोटॅशियमचा. हा क्षार रक्तात फार वाढला तर हृदय अचानक बंद पडू शकते. आजाऱ्याला भेटावयास जाताना शहाळे नेण्याची आपल्याकडे रीत आहे. पाव लिटर शहाळ्याच्या पाण्यात पाचशे-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम असू शकते, तेव्हा ज्याचे पोटॅशियम वाढलेले आहे त्याच्यासाठी ही भेट घातक ठरते. मीठ कमी करावयाचे म्हणून बाजारातून ‘लो सोडियम’ मीठ आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, तेव्हाच मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्यातून वगळले. सैंधव हे तर मीठच. त्याने मीठ कमी होत नाही. कर्मळ नावाचे कडा असलेले आंबटगोड फळ मूत्रपिंडाच्या रुग्णाने अजिबात खाऊ नये, त्याचे विष मेंदूवर परिणाम करते.

परंतु सगळ्यांचेच पोटॅशियम वाढलेले असते असेही नाही. ज्याचा आकडा ठीक आहे त्याच्या ताटातली सगळी फळे-भाज्या काढून घेणे हा त्याच्यावर अन्यायच आहे. भाज्या बारीक चिरून कोमट पाण्यात भिजवाव्यात, ते पाणी टाकावे, मग भरपूर पाण्यात उकडून तेही पाणी टाकावे. असे केल्याने पोटॅशियम बरेच कमी होते. येथे आपल्या स्वयंपाकाची एक अडचण आहे. पुरणाच्या डाळीचा कट आपण कधी टाकत नाही, त्याची आमटी करतो. नेमके टाकावयाचे तेच त्या आमटीत उतरलेले असते. पुस्तकी तक्त्यात हे कोठून येणार?

ज्वारीचेही तसेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे ज्वारीत तांदळाच्या सुमारे तिप्पट पोटॅशियम असते आणि फॉस्फरसही जास्त असतो. म्हणून काही ठिकाणी ‘भाकरी बंद, भात खा’ असे सांगून टाकतात. मधुमेह असलेल्या माणसाला नुसत्या भातावर ठेवले तर साखरेचे काय, हा प्रश्न राहतोच. शिवाय धान्यातील फॉस्फरस शरीरात पूर्ण शोषला जात नाही. तयार पाकिटांतील पदार्थांत आणि कोलासारख्या थंड पेयांत घातलेला फॉस्फरस मात्र बहुतेक सगळा शोषला जातो. तेव्हा भाकरी बंद करण्याआधी घरातील पाकिटे आणि बाटल्या बंद कराव्यात. किती भाकरी, हे रक्ताचा अहवाल पाहून ठरते. मिठाचे सांगावयाचे तर दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचे, पापड, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, सुकट हे सर्व आले. पाणी किती प्यावे याचाही हिशेब लघवीच्या मापावरून होतो. ‘किडनीला भरपूर पाणी प्या’ हा सल्ला मुतखड्याच्या माणसाचा. ज्याची लघवी कमी झाली आहे त्याला तो दिला तर त्याच्या फुप्फुसात पाणी होते.

असा माणूस शोधावा कोठे?

जेथे डायलिसिस चालते तेथून सुरुवात करावी. नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते १९८८ पासूनचे. लातूरचे महाविद्यालय २००२ मधले, ज्याला आता विलासराव देशमुखांचे नाव आहे. अशा शासकीय रुग्णालयांत आहारतज्ज्ञ हे पद असते. बहुधा त्या व्यक्तीकडे वॉर्डातील जेवणाची देखरेख असते, आणि बाहेरच्या रुग्णाने त्यांना भेटावे ही कल्पना कोणाच्या मनात येत नाही. तरी मेडिसिन विभागाच्या डॉक्टरांना केसपेपरवर ‘आहारतज्ज्ञांचा सल्ला’ एवढे लिहून देण्याची विनंती करावी. तोंडी सांगितलेले आणि कागदावर लिहिलेले यांत सरकारी दवाखान्यात किती फरक पडतो हे आपणांस सांगावयास नको. तेथील समाजसेवा अधीक्षकांनाही भेटावे. कोणती व्यक्ती कोणत्या दिवशी कोठे बसते हे त्यांना ठाऊक असते.

डायलिसिसच्या खर्चाची सोय आता पूर्वीपेक्षा बरी झाली आहे. राज्याची जीवनदायी योजना २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते; पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ चा. एका डायलिसिसला चार तासांत सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते हे आठवले म्हणजे या सोयीची किंमत कळते. एवढे करून यंत्रावरून उतरलेला माणूस घरी जाऊन चुकीचे ताट जेवत असेल तर तो सगळा खर्च अर्धा वाया जातो.

खासगीत मूत्रपिंडविकारतज्ज्ञ, ज्यांना नेफ्रॉलॉजिस्ट म्हणतात, त्यांना सरळ विचारावे की, ‘‘डॉक्टरसाहेब, आपण आपले रुग्ण कोणत्या आहारतज्ज्ञांकडे पाठवता?’’ नेहमी कोणाकडे तरी पाठवणारे डॉक्टर लगेच नाव सांगतात. गावात नसेल तर नांदेडकरांना हैदराबाद आणि लातूरकरांना सोलापूर, हैदराबाद किंवा पुणे हे मार्ग आहेतच. निजामाच्या राज्यापासून आपली पावले औषधपाण्यासाठी हैदराबादकडे वळत आली आहेत. पहिली भेट समक्ष घ्यावी. त्यानंतर अहवाल पाठवून फोनवर किंवा व्हिडिओवर बोलले तरी काम भागते, आणि दर वेळी गाडीभाडे व रोजगार बुडत नाही. तीन-चार रुग्णांनी मिळून वेळ घेतली तर आणखी बरे.

या माणसाची पारख कशी करावी? आज ‘डाएटिशियन’ ही पाटी व्यायामशाळेतही लागलेली दिसते आणि प्रथिनांची पावडर विकणाऱ्या दुकानातही. तेव्हा शिक्षण विचारण्यात संकोच करू नये. आहारशास्त्रातील पदवी व त्यापुढील पदव्युत्तर शिक्षण, आणि रुग्णालयात केलेले प्रशिक्षण असावे. भारतीय आहारतज्ज्ञ संघटना १९६३ पासून आहे. तिची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना नोंदणीकृत आहारतज्ज्ञ म्हणतात आणि ते नावापुढे आर.डी. लिहितात. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राने जो कायदा केला त्यातही आहारतज्ज्ञांचा समावेश आहे. पदवी असली तरी मूत्रपिंडाचे काम केलेले असेलच असे नाही. म्हणून, डायलिसिसचे रुग्ण आपण नियमित पाहता का, असे विचारावे.

खरी परीक्षा मात्र ते आपल्याला काय विचारतात यावरून होते. लघवी दिवसाला किती होते, डायलिसिस किती वेळा, दोन डायलिसिसांच्या मध्ये वजन किती वाढते, पोटॅशियम, फॉस्फरस आणि अल्ब्युमिन किती, गोळ्या कोणत्या चालू आहेत, घरात स्वयंपाक कोण करते; हे न विचारता जो तक्ता काढून देतो त्याचे पैसे देऊन निघून यावे. ‘किडनी साफ’ करणारी पावडर किंवा काढा विकणारा, डायलिसिस सोडवतो म्हणणारा, भस्मे देणारा, यांच्या दारात थांबूच नये. काही भस्मांतील जड धातूंनी उरलेसुरले मूत्रपिंडही जाते. गोरगरीब माणूस डायलिसिसला कंटाळलेला असतो आणि ‘सोडवतो’ हा शब्द त्याला फार गोड लागतो. त्याला मूर्ख म्हणू नये. त्याच्याजवळ बसून बोलावे.

जाताना मागील तीन-चार अहवाल, सर्व गोळ्यांची पाकिटे आणि तीन दिवस जे जे खाल्ले-प्यायले ते लिहिलेली वही न्यावी. त्यांत एक दिवस डायलिसिसचा असावा. घरातील वाटी आणि पळीही पिशवीत टाकावी, कारण ‘एक वाटी’ म्हणजे किती हे घरोघरी वेगळे असते. सर्वांत महत्त्वाचे, जी बाई स्वयंपाक करते तिला बरोबर न्यावे. आपल्याकडे रुग्ण पुरुष असेल तर मुलगा किंवा भाऊ सोबत जातो, दोघेही मान डोलावून परत येतात, आणि चूल पेटविणारीला निरोप मिळतो तो ‘तिखट-मीठ कमी कर’ एवढाच.

खरे सांगण्याचा प्रश्न

महावग्गातील रुग्णाचे लक्षण, आजार खरा सांगणे, हे आहाराच्या बाबतीत आपल्या समाजाला विशेष अवघड जाते, आणि त्याचे कारण आपण मोकळेपणाने बोलले पाहिजे. समोर बसलेल्या शिकलेल्या, वेगळ्या समाजाच्या बाईंनी ‘काय खाता’ असे विचारले की आपला माणूस ‘वरण-भात, पोळी-भाजी’ असे उत्तर देतो. घरात मोठ्याचे मटण, वजडी, उन्हात वाळविलेल्या चान्या, सुकट, बोंबील होत असतात. त्यांचे नाव तो काढत नाही. पिढ्यान्पिढ्या ज्या अन्नावरून हिणविले गेले ते अन्न अनोळखी खोलीत उच्चारावयास जीभ वळत नाही. मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या या खाद्यसंस्कृतीवर श्री. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये लिहिले. पुढे ते इंग्रजीतही आले. ज्या अन्नाला पाकशास्त्राच्या पुस्तकात जागा नव्हती त्याला आहारतज्ज्ञांच्या तक्त्यात तरी कोठून असणार? परंतु लपवून ठेवल्याने नुकसान आपलेच होते. चान्यांत आणि सुकटीत मीठ लावलेले असू शकते, वजडी-काळजासारख्या भागांत काय आहे आणि ते किती चालेल हे विचारावे लागते. ते न सांगता केलेला तक्ता मुळातच चुकीचा. उलट बाजूही आहे. मांसाहार न करणाऱ्या रुग्णाची डायलिसिसवर प्रथिने भरून काढणे कठीण जाते आणि त्याला पनीर वगैरे महाग गोष्टी सुचविल्या जातात. आपल्या घरात अंडी चालतात, मासळी चालते. अंड्याचा पांढरा भाग हे स्वस्त, चांगले आणि फॉस्फरस कमी असलेले प्रथिन आहे. हे एकदा खरे सांगितले की डायलिसिसच्या रुग्णाचा तक्ता सोपा आणि परवडणारा होतो. हैदराबादच्या त्या बाईंनी आमच्या काकूंना आधी हेच विचारले, ‘‘अम्मा, अंडे खाते हैं ना?’’

आपल्या धार्मिक आचाराविषयीही आहारतज्ज्ञांशी बोलावे. वर्षावासात आणि पौर्णिमेला अनेक उपासक-उपासिका अष्टशील घेतात आणि माध्यान्हीनंतर जेवत नाहीत. मधुमेह असून मूत्रपिंड दुबळे असेल तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते, आणि अशा माणसाने रात्रीचे जेवण चुकविले तर मध्यरात्री साखर एकदम खाली जाऊ शकते. विनयात आजारी भिक्खूंनाही औषध म्हणून तूप, लोणी, तेल, मध, गूळ यांची मोकळीक दिलेली आहे. मग रुग्ण उपासकाने पंचशीलावर राहावे यात कमीपणा कसला? वैशाख पौर्णिमेच्या खिरीचेही असेच. एक लहान वाटी खीर त्या दिवसाच्या दुधाच्या आणि पाण्याच्या हिशेबात धरता येते, मधुमेहीला साखरेच्याही. आधी विचारले म्हणजे झाले. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या रुग्णाने डायलिसिसचा दिवस चुकणार नाही असे बघून जावे, आणि प्रवासात काय खावे-किती प्यावे हे लिहून घ्यावे.

कोसल देशाच्या पसेनदी राजाची गोष्ट या संदर्भात आठवते. तो मापभर भाताचे भरपेट जेवण करून धापा टाकत भगवंतांकडे येई. भगवंतांनी मात्रा जाणून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास सांगून रोज जेवताना म्हणण्याचे काम दिले, आणि त्यासाठी रोज शंभर कहापण देऊ केले. हळूहळू राजाचे प्रमाण उतरत गेले. जेवणाच्या वेळी आठवण देणारा माणूस असावा लागतो, हे त्या राजाला कळले होते आणि त्यासाठी पैसे मोजण्यात त्याला काही वावगे वाटले नाही. आपण शहाळ्याला पैसे देतो, आहाराच्या सल्ल्याला देताना हात आखडतो.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे तुमच्याशी. लातूर पॅटर्नचे नाव देशभर आहे. दरवर्षी आपली हजारो मुले नीटसाठी रात्रंदिवस अभ्यास करतात, थोड्यांना एमबीबीएस मिळते, उरलेली निराश होतात. त्यांच्यापैकी कितींना ठाऊक असते की शेजारी परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अन्नशास्त्र व पोषण हा विषय शिकविणारे महाविद्यालय आहे, मुंबई-पुण्याला एसएनडीटी विद्यापीठात आहारशास्त्र शिकता येते? ज्याला येसर, धपाटे, अंबाडीची भाजी आणि चान्या हे सर्व घरातच माहीत आहे असा आहारतज्ज्ञ आपल्या वस्तीतून निघाला तर रुग्णाला काही लपवावेच लागणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. विज्ञान शाखेच्या कोणाही विद्यार्थ्याने ते उघडून आपल्या घरच्या एका दिवसाच्या जेवणातील प्रथिने आणि पोटॅशियम यांचा हिशेब करून पाहावा. अभ्यासही होईल आणि घरातील आजोबांचेही भले होईल.

संस्थेच्या कार्यालयात यंदापासून एक नोंदवही ठेवावी अशी माझी सूचना आहे. ज्या सभासदाने ज्या आहारतज्ज्ञांना दाखविले त्यांचे नाव, शिक्षण, बसण्याचे दिवस, फी, मराठी किंवा हिंदी बोलतात का, आणि त्यांनी लघवीचे माप विचारले की नाही, एवढे त्यात लिहावे. महिला मंडळाने ती सांभाळावी. आमच्या उपासकांच्या भिंतीवर आता नवा कागद आहे. त्यात दोन अंड्यांचा पांढरा भाग, एक भाकरी आणि मोजून डाळ आहे. काकूंनी त्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख घातली आहे, आणि पुढच्या तपासणीची तारीख खाली पेन्सिलने लिहिली आहे.